दीडशे यार्डांच्या आत

तुआतापेरे
१४ सप्टेंबर १९८६

प्रिय हेकमामा,

मी एल्स्पेथ, जीनची धाकटी मुलगी. आईच्या मयताला तुम्ही होकिटिकाहून एवढ्या लांब आला होतात आणि चर्चच्या हॉलमध्ये चहाच्या वेळी माझ्या नवऱ्याशी तासभर बंदुकांवर बोलत बसला होतात. त्याला नऊ वर्षं झाली. चुलत का होईना, आईचे तुम्ही भाऊ, म्हणून हक्काने लिहितेय.

लॉकीला जूनमध्ये लाकूड कापायच्या गिरणीत अपघात झाला. ट्रकवरून ओला ओंडका घसरला. चूक कुणाचीच नव्हती. त्याचा उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला. आता जखम भरलीय. तो बरा आहे.

तुम्हाला माहीत असेल, वापिटी हरणांच्या शिकारीसाठी फियोर्डलँडमधल्या दऱ्या सोडतीने वाटतात. लॉकी एकोणीस वर्षं फॉर्म भरतोय. मार्चमध्ये भरलेल्या फॉर्मचं उत्तर ऑगस्टअखेर आलं. नाव लागलंय! येत्या एकवीस मार्चपासून दहा दिवस, ते-आनाऊ नावाच्या सरोवराच्या पलीकडची एक अख्खी दरी. त्याने ते पत्र वाचलं, घडी घातली आणि फ्रिजवर ठेवून दिलं. मी धूळ पुसताना ते उचलते आणि परत तिथेच ठेवते.

फॉर्मवर तीन नावं आहेत. लॉकी, त्याचा दोस्त नेव्हिल, आणि जागा भरायला मी. स्वयंपाकीण म्हणून. म्हणजे कायद्याने मला तिथे जाता येतं, बंदूक घेऊनसुद्धा. मी जाणार आहे.

चौदाव्या वर्षी वडिलांच्या पॉइंट टू-टूने ससे मारायचे, त्यानंतर बंदुकीला हात लावलेला नाही. आता मी पंचेचाळीस वर्षांची आहे. तुम्ही चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्यात, त्याआधी सरकारी हरणमारे होतात. मला सांगा, कुठली रायफल घेऊ? कुठलं काडतूस?

लॉकीला यातलं काही ठाऊक नाही. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा. मी शाळेची बस चालवते.

तुमची
एल्स्पेथ



होकिटिका
२३ सप्टेंबर

एल्स्पेथ पोरी,

लॉकीचं वाचून वाईट वाटलं. मयताच्या दिवशी मी त्याच्याशीच बोलत बसलो, कारण त्या हॉलमध्ये रडत नसलेला तो एकटाच माणूस होता. तू किटलीच्या मागे होतीस ना? चेहरा डोळ्यांपुढे येत नाही, पण “साखर किती?” हा आवाज आठवतो.

आता कामाचं. नवी बंदूक घेऊ नकोस. घरात लॉकीची सेव्हन एमएम मॅग्नम आहे. त्याने मला त्या दिवशी तिचं इतकं कौतुक ऐकवलं की मला ती सून म्हणून मागावीशी वाटली. वापिटी म्हणजे आपलं साधं तांबडं हरीण नव्हे. घोड्याएवढा नर असतो, आठशे पौंडांचा, आणि चुकीच्या जागी गोळी खाऊन तीन डोंगर ओलांडून जातो. त्याला ताकदीचं काडतूस लागतं. मॅग्नममध्ये ती ताकद आहे, आणि वरची दुर्बीण लॉकीने बसवलीय म्हणजे नीटच बसवली असणार.

दणका बसेल. पण तू जीनची मुलगी. तुझ्या आईने पूर आलेल्या तारामाकाऊतून जिवंत मेंढा खांद्यावर टाकून आणला होता, मी काठावर उभा राहून बघत होतो. हाडापेराने तू तिच्यावरच गेली असशील. चालेल तुला.

आठवड्याला वीस गोळ्या. शंभर यार्डांवर. निशाणाचे कागद मला पाठव, म्हणजे कळेल.

आणि नवऱ्याला सांग. बायकांनी गुपचूप केलेल्या गोष्टी नवऱ्यांना कळतातच. हे मी अनुभवाने सांगतोय.

हेक



तुआतापेरे
२ नोव्हेंबर

प्रिय हेकमामा,

किटलीमागे मी दिसले नाही याचं कारण सांगते. मी पाच फूट आहे, बूट घालून. आईची उंची दोन्ही थोरल्या बहिणींनी वाटून घेतली, माझ्या वाट्याला फक्त आवाज आला.

परवाना मिळाला. पोलीस घरी आला होता, तेव्हा लॉकी फिजिओकडे गेला होता. पोलीस म्हणजे रॉबीच. लहानपणी माझ्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसून संत्र्याच्या साली फेकायचा. आता गंभीर चेहरा करून विचारतो, “मिसेस बेर्ड, घरात कुणाशी भांडण होतं का?” मी म्हटलं, “रॉबी, भांडण व्हायला समोरच्याने बोलावं लागतं.” त्याने काहीतरी लिहून घेतलं, केक खाल्ला आणि गेला.

दर मंगळवारी मुलांना सोडून मी नदीकाठच्या जुन्या खडीच्या खाणीत जाते. मॅग्नमचा दणका बसतो, पण सवय होतेय. निशाणाचे दोन कागद सोबत जोडलेत. बऱ्यापैकी आहेत ना?

लॉकी मजेत आहे.

तुमची
एल्स्पेथ



तुआतापेरे
९ नोव्हेंबर

मि. लोमस,

अक्षर डाव्या हाताचं आहे. सांभाळून घ्या.

तुमचं पत्र एल्स्पेथच्या एप्रनच्या खिशात सापडलं. वाचलं. वाचायला नको होतं. पण आधीपासून माहीत होतं. दर मंगळवारी ती सांगते, बसचे ब्रेक दाखवायला गॅरेजमध्ये जाते. जगात कुठल्याच बसचे ब्रेक इतके बिघडत नाहीत. आणि बंदूक कपाटात परत येते तेव्हा बोल्टला तेल जास्त लागलेलं असतं.

तिने तुम्हाला चांगले कागद पाठवले असणार. बाकीचे ती चुलीत घालते. एक लाकडांच्या पेटीत पडला होता. पाच गोळ्या, सगळ्या खाली आणि पसरलेल्या. एक तर कागदाच्या कोपऱ्यात. ती डोळे मिटतेय. परवा कपडे वाळत घालताना ब्लाउज सरकला. खांदा काळानिळा, कडेने पिवळा. दोन-तीन आठवड्यांचा मार आहे तो.

ती बंदूक माझ्या मापाची आहे. मी सहा फूट एक. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण इथे तुम्ही चुकलात.

मी तिला बोलू शकत नाही. त्या दरीचं नाव काढलं तर माझ्या तोंडातून काय बाहेर पडेल मला माहीत नाही. तुम्ही सांगा. मी लिहिलं हे सांगू नका.

एल. बेर्ड



होकिटिका
१८ नोव्हेंबर

एल्स्पेथ,

कागद पाहिले. आधी माझी चूक कबूल करतो. माणूस न बघता मी बंदूक सांगितली. दुकानात कुणी असं केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

आता तुझी चूक. तू मला चांगले कागद पाठवलेस. चांगल्या कागदावरसुद्धा पाचातल्या दोन गोळ्या खाली गेल्यात. मी म्हातारा असलो तरी एवढं वाचता येतं मला. तू दणक्याला घाबरून चाप ओढताना डोळे मिटतेस आणि नळी खाली दाबतेस. लाजू नकोस. मी सहा फुटी लाकूडतोडे असं करताना पाहिलेत. फरक एवढाच की ते दुर्बिणीला शिव्या देतात.

सोबत तीन काडतुसं पाठवतोय. दिसायला तुझ्या काडतुसांसारखीच, आत दारू नाही. जिवंत तीन आणि ही तीन टोपीत टाक, ढवळ, आणि न बघता एकेक काढून भर. मुकं काडतूस आलं आणि चाप ओढलास की नळी काय करते ते बघ. दुसरं कुणी सांगायची गरज राहणार नाही.

आणि हाताचं माप घे, बंदुकीचा लाकडी दस्ता केवढा हवा ते त्यावरून कळतं. कोपर काटकोनात वाकव. कोपराच्या आतल्या घडीपासून चाप ओढायच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. शिंपिणीच्या टेपने, अंदाजाने नव्हे.

हे एकदा करून झालं की मॅग्नम कपाटात ठेव. हात लावू नकोस तिला.

हेक



होकिटिका
१८ नोव्हेंबर

लॉकी,

तुझं पत्र मिळालं. बरोबर बोललास. तिला लिहिलंय, तुझं नाव घेतलेलं नाही.

मि. लोमस म्हणू नकोस. मामा म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस.

हेक



तुआतापेरे
३० नोव्हेंबर

प्रिय हेकमामा,

पहिलं काडतूस जिवंत निघालं. दुसरं मुकं. चाप ओढला, नुसतं ‘टक’ झालं, आणि नळी अशी खाली गेली जसं बदक पाण्यात डोकं घालतं. आवाज नाही, धूर नाही, काही नाही, आणि मी मात्र डोळे घट्ट मिटून खांदा वर करून बसलेली. मग जे समजायचं ते समजलं. बसमध्ये जाऊन बसले आणि बराच वेळ रडले. ड्रायव्हरच्या सीटवर बसून रडता येत नाही हो, स्टिअरिंग मध्ये येतं. मागच्या सीटवर जाऊन रडले.

खोटं बोलले त्याची माफी मागते. खांदा दुखतो. सवय झालेली नाही. आणि लॉकी मजेत नाही. तो टीव्ही लावतो आणि त्याच्याकडे पाठ करून खिडकीतून बघत बसतो. बाथरूमच्या दारामागे त्याचा शिकारीचा कोट आहे, तो काढू देत नाही आणि त्याच्याकडे बघतही नाही. नेव्हिल दोनदा आला, दोन्ही वेळा हवेबद्दल बोलून गेला. मामा, मला शिंगं नकोत. ते पत्र फ्रिजवरून उतरलं पाहिजे, एवढंच मला हवंय. कुणीतरी त्या दरीत जाऊन आलं पाहिजे.

माप सव्वाबारा इंच. दोनदा घेतलं.

नेव्हिलला सांगितलंय. तो माझ्याबरोबर येतो म्हणाला. आता बंदूक सांगा. नवी घ्यायची तयारी आहे.

तुमची
एल्स्पेथ



तुआतापेरे
४ जानेवारी १९८७

प्रिय हेकमामा,

नाताळचं कार्ड मिळालं असेल. माझं आधीचं पत्र पोचलं ना? मापाचं? काही चुकीचं लिहिलं असेन तर सांगा. दिवस कमी राहिलेत, म्हणून विचारलं.

एल्स्पेथ



होकिटिका
२० जानेवारी

एल्स्पेथ पोरी,

तू काही चुकीचं लिहिलं नाहीस. गुडघा सुजला होता, म्हणून उशीर झाला.

माझ्याकडे एक रायफल आहे. दुरुस्तीला आलेली, गिऱ्हाईकाने परत नेलीच नाही. दस्ता आखूड केलेला आहे, बरोबर सव्वाबारा इंच. पोलिसांच्या कागदासकट रेक्सच्या ट्रकवर चढवलीय. रेक्स माझा माणूस आहे, शुक्रवारी तुमच्या बाजूला येईल. रॉबीला दाखवून घे.

काडतूस सेव्हन बाय फिफ्टी-सेव्हन. तुझ्या आजोबांच्या लहानपणी निघालेलं. आजकालची पोरं दुकानात त्याला हसतात. हसू देत. गोळी लांब आणि जड, एकशेपंचाहत्तर ग्रेनची, आणि जाते सावकाश. आवाज कमी, दणका मॅग्नमच्या निम्म्याहून थोडा जास्त. पण लांब गोळी आत शिरली की वाकडीतिकडी न होता थेट खोल उतरते. मोठं जनावर आवाजाने मरत नाही. गोळी काळजाजवळ पोचली पाहिजे, आणि ती तू उघड्या डोळ्यांनी तिथे पाठवली पाहिजेस. मी तुला आधी ताकद सांगितली, ती चूक होती. जी बंदूक तू डोळे उघडे ठेवून चालवशील तीच तुझ्यासाठी ताकदीची.

आता नीट ऐक. या काडतुसाची हद्द अडीचशे यार्ड. तुझी हद्द दीडशे. यातली जी लहान, तीच खरी. दीडशेच्या पुढे कितीही मोठा नर उभा असू दे, साक्षात देव उभा असू दे, चापावर बोट ठेवायचं नाही. तो आडवा उभा असला पाहिजे, कूस तुझ्याकडे. नेम पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश वर. पहिली गोळी लागली असं वाटलं तरी बोल्ट ओढून दुसरी भरायची, बघत बसायचं नाही.

हे वचन समज.

हेक



तुआतापेरे
८ फेब्रुवारी

प्रिय हेकमामा,

खांद्याला लावली आणि डोळा आपोआप दुर्बिणीच्या मागे आला. मॅग्नमच्या वेळी मी मान ताणून कुंपणापलीकडे बघितल्यासारखी बघायची. वीस गोळ्या झाडल्या, तुमची मुकी काडतुसं मिसळून. आठव्या-नवव्या मुक्या काडतुसाला नळी हलली नाही. मी एकटीनेच खाणीत टाळ्या वाजवल्या.

या वेळी सगळे कागद पाठवतेय. वाईटही. दीडशे यार्डांवर पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत बसतात. दोनशेवर ताटाबाहेर जातात. तुमचं म्हणणं पटलं.

एक विचारू? बंदुकीचा पट्टा हाराकेके झुडपाच्या लांब पात्यांचा विणलेला आहे, काळ्या-पिवळ्या नक्षीचा. दुकानातला नाही. एका टोकाला विणकर चुकलाय आणि चूक लपवायला गाठ मारलीय. तुमचं गिऱ्हाईक बाई होती का? तिला तिची बंदूक परत नको होती?

वाईट बातमीही आहे. नेव्हिल येत नाही. दारात उभा राहून म्हणाला, “एल्सी, लॉकीच्या दरीत लॉकीशिवाय जायला माझे पाय उचलत नाहीत. मला माफ कर.” त्याच्यावर रागावता येईना. पण दरीपाशी नेणारा विमानवाला एकट्या माणसाला तिथे सोडत नाही. म्हणजे दोन माणसं हवीत, आणि मी एक आहे.

एल्स्पेथ



होकिटिका
१५ फेब्रुवारी

एल्स्पेथ,

गिऱ्हाईक नव्हतंच. बंदूक रिपेकाची. माझ्या बायकोची.

ती ब्रूस बे गावची. तीही तुझ्यासारखी बुटकी. साठ साली मी दस्ता कापला, तर म्हणाली, “अजून अर्धा इंच. मला बंदूक चालवायचीय, वल्हवायची नाही.” अकरा वर्षं तिने ती वापरली. पट्टा तिनेच विणला. चूक झाली तेव्हा मी हसलो होतो, म्हणून ती गाठ.

तुझं सव्वाबारा वाचलं आणि पत्र बाजूला ठेवलं. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. बंदूक सोळा वर्षं कपाटात होती. दर महिन्याला काढायची, तेल लावायचं, ठेवायची. ती कुणाला द्यायची म्हणजे काय हे ठरवायला मला सात आठवडे लागले.

दुसऱ्या माणसाचं बघू. धीर धर.

हेक



होकिटिका
१५ फेब्रुवारी

लॉकी,

नेव्हिलने पाय मागे घेतलेत. तिला दुसरा माणूस हवाय. मी असतो, पण मला आता पायऱ्या चढतानाही दोनदा थांबावं लागतं.

मयताच्या दिवशी तू मला एक गोष्ट सांगितलीस. बागेच्या पाइपाचा तुकडा तोंडाला लावून तू वापिटीच्या नरासारखी शीळ घालतोस, आणि नेव्हिलची कुत्री कॉटखाली जाऊन बसतात. त्याला किती हात लागतात?

रिपेका शेवटच्या वर्षी आजारी होती. मार्चमध्ये म्हणाली, “हेक, मला एकदा नदीवर वरपर्यंत ने. मी बंदूक उचलणार नाही, नुसती बसेन.” मी म्हणालो, “अशी खोकत कशी येशील? बरी हो, पुढच्या वर्षी जाऊ.” मी काळजीनेच बोललो. जुलैमध्ये ती गेली.

मी हे कुणाला सांगत नाही. तुला सांगतोय, कारण तू मला एकदा तोंडावर चूक दाखवलीस.

हेकमामा



तुआतापेरे
१२ एप्रिल

प्रिय हेकमामा,

कशी सुरुवात करू? क्रमाने सांगते.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी मी भांडी घासत होते. मागे एकदम असा आवाज झाला की हातातली बशी खाली पडून फुटली. आधी बारीक, वर चढत जाणारी शीळ, मग खाली घसरून तीन हुंकार. वळून बघते तर लॉकी, डाव्या हातात पाइपाचा तुकडा. बाहेर शेजाऱ्यांची कुत्री वेड्यासारखी भुंकत होती.

“दोन माणसं हवीत ना?” तो म्हणाला. “मी आहे.”

मी बशीचे तुकडे गोळा केले. बोलले असते तर तो उलटा फिरला असता असं वाटलं.

विमानाने आम्हाला सरोवराच्या टोकाला उतरवलं. पहिले दोन दिवस नदीकाठाने वर जाण्यातच गेले. एका हाताने झाडाझुडपांतून चढणं किती अवघड असतं हे मला तिथे कळलं. मी मदतीला हात दिला की तो “सोड!” म्हणून खेकसायचा. तिसऱ्या दिवशी हात द्यायचं सोडलं, तेव्हा त्याने स्वतःहून मागितला.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने शीळ घातली आणि पलीकडच्या उतारावरून उत्तर आलं. हेकमामा, असा नर मी चित्रातही पाहिला नव्हता. शिंगांना चौदा टोकं, हस्तिदंतासारखी पांढरी. मोकळ्या गवतात येऊन आडवा उभा राहिला. लॉकीने दुर्बीण डोळ्यांना लावली होती.

“मार.”

“लांब आहे, लॉकी.”

“अडीचशे. तीनशे फार तर. वारा नाही. मार, एल्सी!”

“माझी हद्द दीडशे.”

“हद्द कसली घेऊन बसलीस! एकोणीस वर्षं! असा परत दिसणार नाही. मार!”

मी बंदुकीवरच्या दुर्बिणीतून बघितलं. नर नीट दिसत होता. खांदाही दिसत होता. सगळ्या अंगाला वाटत होतं, ओढ चाप, या माणसाला एवढं एक दे. पण माझे दोनशे यार्डांचे कागद मला आठवत होते. मी बोट काढलं, बंदूक खाली ठेवली. नर दोन-तीन मिनिटं उभा होता. मग सावकाश चालत रानात शिरला.

लॉकी माझ्याशी त्या दिवशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस, असा की तंबूबाहेर पाऊल टाकता येईना. तो कापडाकडे तोंड करून पडलेला. दुपारी मला राहवलं नाही. म्हटलं, “मी हेकमामांना वचन दिलं होतं. त्यांनीच ही बंदूक दिली. तुला न सांगता सहा महिने पत्रं लिहितेय त्यांना. शिव्या द्यायच्या तर दे.”

तो शिवणीतून गळणारं पाणी बोटाने पुसत राहिला.

मग कापडाकडे तोंड ठेवूनच म्हणाला, “माहीत आहे. मीही लिहितोय.”

“कुणाला?”

“त्यांनाच.”

हेकमामा, तुम्हाला काय म्हणावं मला कळत नाही! मी तुम्हाला कागद वाचणारा देवमाणूस समजत होते, आणि तुम्हाला खबर माझ्याच स्वयंपाकघरातून जात होती. मी लॉकीला उठवून बसवलं आणि सगळं वदवून घेतलं. ब्रेक, तेल, लाकडाच्या पेटीतला कागद, माझा खांदा. माझा खांदा त्याने पाहिला होता आणि चार महिने एक शब्द बोलला नव्हता. मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” तर म्हणाला, “तुला दुखत होतं आणि तू माझ्यासाठी सोसत होतीस. मी ‘नको’ म्हटलं असतं तर तू थांबली असतीस. मला ते नको होतं. आणि ‘कर’ म्हणायला तोंड नव्हतं.” मग तो रडला. हॉस्पिटलमध्ये रडला नव्हता, घरीही नाही. मी पण. तंबू गळत होताच, त्यात आमची भर.

संध्याकाळी डबाबंद बीन्स खाताना तो म्हणाला, “काल मी मारली असती गोळी. दोन हात असताना. आणि बहुतेक पोटात लागली असती.”

आठव्या दिवशी आम्ही बीच झाडांच्या रानाच्या कडेला ओढ्याजवळ बसलो होतो. लॉकीने शीळ घातली, उत्तर जवळूनच आलं. मग फांद्या मोडण्याचा आवाज. नर ओढ्याच्या पलीकडे बाहेर आला, ऐंशी यार्डांवर. नऊ टोकं, एक पुढचं तुटलेलं, मानेला चिखल. कुणी भिंतीवर लावायला मागणार नाही असा. पण तोंड आमच्याकडे होतं. मी थांबले. लॉकीचा श्वासही ऐकू येत नव्हता. किती वेळ गेला माहीत नाही. मग नर पाण्याकडे वळला आणि कूस दिसली.

माझे डोळे उघडे होते. गोळी लागली तिथले केस हललेले मी पाहिले. बोल्ट ओढला, दुसरी भरली. तो चार पावलं चालला, ओढ्यात उभा राहिला. दुसरी झाडली. तो पुढच्या गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला.

मला आनंद झाला नाही, लगेच तरी. लॉकी आधी उठला, पाण्यात शिरला आणि त्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. मी जवळ गेल्यावर म्हणाला, “दोन्ही भोकं एका तळहातात मावतील, एल्सी.” मग बराच वेळ आम्ही दोघं तिथे थंड पाण्यात उभे होतो.

कातडं काढायला त्याने सांगितलं आणि मी सुरी चालवली. तो गुडघ्याने पाय दाबून धरायचा. मांस सरोवराकाठी आणायला पूर्ण दोन दिवस आणि पाच फेऱ्या लागल्या. तो दोनदा पडला आणि जूनपासून दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या एका दिवसात दिल्या. ऐकायला फार बरं वाटलं.

मांडीचा एक मोठा तुकडा रेक्सच्या ट्रकवर बर्फात घालून पाठवलाय. बंदूक मात्र पाठवलेली नाही. स्वच्छ करून, पट्टा वाळवून कपाटात ठेवलीय. ती ट्रकवर चढवायला मन होत नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी आहे, तेव्हा आम्ही दोघं गाडीने येऊ आणि ती तुमच्या हातात देऊ. तोवर ठरवा, तुम्हाला परत हवी की नको. सात आठवडे लागले तरी चालतील.

एक सांगायचं राहिलं. विमानवाला आला तेव्हा आम्ही चिखलाने आणि रक्ताने माखून मांसाच्या पिशव्यांवर बसलो होतो. पोरगेलासा माणूस होता. त्याने शिंगं बघितली, लॉकीची उंची बघितली, मग पिन लावलेली बाही बघितली, आणि गोंधळला. विचारू की नको असं त्याचं चाललेलं. शेवटी विचारलंच, “कुणी मारला?”

लॉकी उठला, एक पिशवी दाताने आणि हाताने खांद्यावर ओढून घेतली आणि म्हणाला,

“बायकोने. मी नुसता बोंबलत होतो.”

तुमची
एल्स्पेथ